आधी पावडर, मग अत्तर

माझ्या बायकोच्या पावडरीचा मला लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यापासून राग होता. बाथरूमच्या दारापासून आरशापर्यंत पांढरी पावलं, टेबलावर पांढरा थर, माझ्या काळ्या कोटाच्या बाहीवर पांढरी बोटं. सरकारी क्वार्टरची खोली ती केवढीशी, त्यात ही बाई पफ झटकायची आणि मी शिंकत सुटायचो. "अगं, लोक पावडर लावतात. तू स्वतःला पिठात घोळवून घेतेस!" असं मी ओरडायचो. "जूनमध्ये माझ्या बसनं ऑफिसला जाऊन दाखवा, मग बोला," असं ती म्हणायची आणि मानेवर आणखी एक थापटी मारायची.

आम्ही दोघंही केंद्र सरकारचे नोकर. ती एका मंत्रालयात, मी दुसऱ्यात. महाराष्ट्रातून बदलीवर दिल्लीला आलो ते इथलेच झालो. निवृत्तीनंतर नोएडात फ्लॅट घेतला, एकुलती मुलगी गुरुग्रामला एका कंपनीत लागली, तिथेच तिचं लग्न झालं. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. ऑफिसात माझ्या फटकळपणाचे किस्से अजून सांगतात म्हणे. मनात एक आणि ओठांवर एक हे मला कधी जमलंच नाही. साहेबांना तोंडावर बोललो, व्याह्यांना तोंडावर बोललो, आणि बायकोला तर काय, रोजच.

तिचं मात्र सगळं पद्धतशीर असायचं. आधी चंदनाचा साबण. मग अंग टिपायचं, खसाखसा पुसायचं नाही, कारण किंचित ओल राहिली की पावडर धरते. मग गळा, काखा, पाठ, अगदी गुडघ्यांच्या मागेसुद्धा. पावडर बसली की कानामागे आणि मनगटावर अत्तराचा एकेक थेंब, उन्हाळ्यात वाळा नाहीतर मोगरा, थंडीत हिना. या क्रमात कुणी गडबड केलेली तिला खपायची नाही. मुलीनं एकदा घाईघाईत आधी अत्तर लावलं आणि वरून पावडर फासली, तर केवढी चिडली! "काय गं हे? तुपावर पीठ भुरभुरवलंस तर गोळेच होणार ना?" पुढे मुलगी कमावती झाल्यावर महागड्या बाटल्या आणायला लागली, लोशन काय, बॉडी मिस्ट काय, आणि आम्हाला शिकवायला लागली की याला लेयरिंग म्हणतात, एका वासावर दुसरा वास बसवायचा असतो. "बिल्कुल," तिची आई म्हणाली. "तुझ्या जन्माआधीपासून बसवतेय."

मग तिच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, केमो झाली, केस गेले, केस आले. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला, आणि मग ती गाठ परत आली. या वेळी कातडी फोडून बाहेर आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की आता औषधं दुखणं कमी ठेवण्यापुरती. मी त्यांच्यावर भडकलो. "म्हणजे काय? हात वर केलेत म्हणा की सरळ!" बायकोनं माझी बाही ओढली. "अहो, त्यांच्यावर कशाला ओरडताय? त्यांनी काय केलंय?" खरंच, त्या बिचाऱ्या बाईनं काय केलं होतं? पण ओरडायला दुसरं कोण होतं तिथे!

जखम उघडी पडली आणि वास सुरू झाला. त्याबद्दल लिहायला नको वाटतं, पण लिहितो. फ्रिज बंद पडून आत मटण राहून गेलं तर दार उघडल्यावर जो भपका येतो, तसा. आणि वर जरासा गोडसर. तो गोडपणाच वाईट. तो पडद्यांत बसायचा, उशांत बसायचा, जेवताना घासाबरोबर घशात उतरायचा. डॉक्टरीणबाईंनी एक गोळी लिहून दिली होती, तिची पूड करून ड्रेसिंगच्या वेळी जखमेवर भुरभुरवायची, म्हणजे वास कमी होतो. वेलची कुटायचा पितळी खल मी त्या गोळीसाठी घेतला. चहात वेलची घालणं तेव्हापासून बंद झालं. पहिल्या दिवशी मी चिमटीनं ती पूड टाकत होतो, तर ही छताकडे बघत म्हणते, "घ्या! जन्मभर पावडरीच्या नावानं शंख केलात, आता तुमच्याच हातानं लावताय." मला हसू आलं नाही. तिला आलं.

त्या पुडीनं थोडा वेळ फरक पडायचा, मग पुन्हा सुरू. अंगाची पावडर जखमेच्या आसपासही जाऊ द्यायची नाही, अशी सक्त ताकीद होती. ती तिनं पाळली. पण बाकीच्या अंगावर थरांवर थर चढायला लागले. पावडर, तिच्यावर हिना, त्यावर लेकीनं आणलेलं काहीतरी व्हॅनिलाचं, पांघरुणावर गुलाबपाणी. आणि या सगळ्याच्या खालून तो. दोन्ही मिळून जे काही व्हायचं त्यानं डोकं भणभणायचं. कामवाली ओढणी नाकाला बांधून फरशी पुसायची आणि विचारायच्या आधीच सांगायची, "धूल बहुत है अंकल." मुलगी रविवारी यायची, आईच्या गळ्यात पडून म्हणायची, "आई, कसला मस्त सुगंध येतोय तुला!" आणि स्वयंपाकघरात येऊन ओट्याला धरून उभी राहायची. आणि मी, जगाला तोंडावर बोलणारा, मी मूग गिळून बसलो. तिनं कधी विचारलं नाही, आम्ही कधी सांगितलं नाही. असं आमचं घर चाललं होतं.

जानेवारी लागला तसं तिनं जाहीर केलं, "यंदा संक्रांतीचं हळदीकुंकू करायचंय."

मुलगी माझ्याकडे बघायला लागली, मी मुलीकडे. दर वर्षी व्हायचं, नाही असं नाही. सोसायटीतल्या मराठी बायका, जुन्या क्वार्टरमधल्या मैत्रिणी, सगळ्या यायच्या आणि संध्याकाळभर घर डोक्यावर घ्यायच्या. पण आता? मी म्हटलं, थंडी आहे, तुला थकवा येईल, कुणाचं इन्फेक्शन लागेल. खरं कारण अगदी जिभेवर आलं होतं, ते परत गिळलं. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "आजारी बघायला आल्यासारख्या येतात सगळ्या. पलंगाच्या पायथ्याशी उभ्या राहतात, फळं ठेवतात, जातात. मला एकदा चारचौघींत बसायचंय. नीट साडी नेसून. यजमानीण म्हणून. एवढं एकदा होऊ द्या हो." आणि तिनं हात जोडले. तिनं माझ्यापुढे हात जोडलेले मी आयुष्यात पाहिले नव्हते. मी म्हटलं, होऊ दे.

मग तिच्या अंगात चैतन्य आलं. वाण म्हणून काय द्यायचं यावरून मायलेकींचं वाजलं. मुलगी म्हणाली, सुगंधी मेणबत्त्या देऊ या, क्यूट दिसतात. "मेणबत्ती? वाण म्हणून? कप्पाळ माझं! चहाच्या गाळण्या आण, चांगल्या स्टीलच्या." तिळाच्या वड्या कोण करणार, मसाला दूध किती लागेल, खुर्च्या कुठे मांडायच्या, सगळं पलंगावरून ठरत होतं. तिची खुर्ची बाल्कनीच्या बाजूला, बाकीच्या जरा लांब. ब्लोअर लावायचा नाही. "दिल्लीची थंडी आणि ब्लोअर नाही?" मुलगी म्हणाली. "शाली घेऊन येतील की," ती म्हणाली. गरम हवेत वास उठतो. हे तिनं सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

आणि मग ती म्हणाली, "अत्तर यंदा दारातच लावायचं."

आमच्याकडची रीत अशी की बायका येऊन बसल्या, की आधी हळदकुंकू, मग हाताच्या पाठीवर अत्तराचं बोट, वरून गुलाबपाणी, मग तिळगूळ आणि वाण. दारात कुणी अत्तर लावत नाही.

"दारात का गं?" मुलीनं विचारलं.

"एकदा शालीत गुरफटून बसल्या की हात मिळत नाहीत कुणाचे. दारातच उरकून टाक. आणि हात आखडता घेऊ नको, चांगलं सढळ लाव."

मुलगी बरं म्हणाली. मी खिडकीबाहेर बघत होतो. मला सगळं समजलं होतं, मुलीलाही समजलं होतं, आणि आम्हाला समजलंय हे तिलाही समजलं असणार, असं मला वाटलं. प्रत्येकीच्या हाताला तिचा स्वतःचा सुगंध, नाकापासून वीतभर अंतरावर. तिनं सगळा हिशेब बसवला होता. जन्मभर स्वतःच्या अंगावर थर चढवले, आता पाहुण्यांच्या अंगावर चढवणार होती.

अत्तर आणायला मी मेट्रोनं चांदणी चौकात गेलो आणि दरिब्यात, अत्तरवाल्यांच्या गल्लीत शिरलो. दुकानदारानं माझ्या हातावर चार तऱ्हेचे फाये फिरवले आणि विचारलं, "शादी-ब्याह का काम है?" मी म्हटलं, "नहीं. सबसे तेज़ कौन सा है, वो दीजिए." तो समजावायला लागला की तेज़ म्हणजे चांगलं असं नसतं, हलकं घ्या, नफ़ीस, नाजूक घ्या. माझ्या डोक्यात तिडीक गेली. "भाईसाहब, मैंने अच्छा मांगा क्या? तेज़ मांगा है!" दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. त्यानं निमूटपणे कुपी बांधून दिली. परतीच्या गाडीत शेजारचा मुलगा माझ्या वासानं उठून दुसरीकडे जाऊन बसला, आणि मला बरं वाटलं. चला, जोरदार आहे, म्हटलं.

हळदीकुंकवाच्या दिवशी बाहेर धुरकं इतकं होतं की समोरची इमारत दिसत नव्हती. खिडक्या बंद, घरात गारठा. मुलगी सकाळीच आली. आम्ही दोघांनी ड्रेसिंग ताजं केलं, पूड नेहमीपेक्षा जास्त घातली, वरून जाड पॅड, त्यावर आणखी एक. मग मुलीनं तिला ऊन पाण्यानं पुसून काढलं. पावडर मात्र तिनं स्वतः लावली. पफमधून अर्धी पावडर मांडीवर सांडत होती. मी तिथेच उभा होतो, पण ओरडलो नाही. जांभळी रेशमी साडी नेसवली, ती अंगावर लोंबत होती. कुंकू लावून ती खुर्चीत बसली आणि मला म्हणाली, "अहो, आता तुमचं इथे काम नाही. दूध बघा." मी स्वयंपाकघरात गेलो आणि दार फटीएवढं उघडं ठेवलं.

बायका आल्या. दारात मुलगी कुपी घेऊन उभी. "अगंबाई, दारातच अत्तर! मस्तच आयडिया आहे हं!" हसणं-खिदळणं सुरू झालं. माझी बायको ताठ बसली होती, डोळ्यांत चमक होती. "ये गं, बस. किती बारीक झालीस तू!" असं चक्क दुसरीला म्हणत होती. मला वाटलं, जमलं. देवा, जमलं हिला.

मग एकीचा हात वर गेला. सहज, अत्तर हुंगावं तसा. तिनं तो खाली घेतला नाही. मग दुसरीचा गेला. "काय सुरेख वास आहे हो!" "कुठलं आणलंत?" "मला तर सारखं हुंगावंसंच वाटतंय!" बघता बघता त्या अख्ख्या खोलीत प्रत्येक बाई एक हात नाकाशी धरून बसली होती. बोलायच्या त्या हाताआडून, हसायच्या त्या हाताआडून, आणि पुन्हा पुन्हा अत्तराचं कौतुक करायच्या. वाईट कुणीच नव्हतं त्यांच्यात. सगळ्या तिच्या मायेच्या बायका. वीतभर अंतर तिनं ठरवलं होतं, तेही त्यांना पुरलं नव्हतं.

मी फटीतून बायकोकडे बघत होतो. आधी ती खूश झाली, अत्तर आवडलं म्हणून. मग तिची नजर एका हातावरून दुसऱ्या हातावर गेली, तिथून तिसऱ्या. हसू जागचं हललं नाही, पण डोळे विझले. वाटलं, बाहेर जावं आणि सगळ्यांना ओरडून सांगावं, हात खाली करा! पण कुठल्या तोंडानं सांगणार? कशासाठी खाली करा?

तिची सगळ्यात जुनी मैत्रीण, क्वार्टरमधली आमची शेजारीण, खुर्ची ओढून अगदी तिला लागून बसली होती. तिनं इतका वेळ हात मांडीवर दाबून धरले होते. शेवटी तिलाही राहवेना. "जरा खिडकी उघडू का गं? कोंदट झालंय," ती म्हणाली. जानेवारीत, ब्लोअरशिवायच्या त्या गारठ्यात, कोंदट!

सोसायटीतली एक जण घाईनं म्हणाली, "अहो नको, बाहेर किती प्रदूषण आहे!"

"उघड गं," माझी बायको म्हणाली. "बिल्कुल उघड."

खिडकी उघडली. धुरकट हवा आत आली, दोघी-तिघी खोकल्या, आणि सगळ्या एकदम हसल्या. काय ही दिल्ली बाई, काय ही हवा! आता पदर नाकाला लावायला सगळ्यांना कारण मिळालं. आणि सगळ्यांनी लावले.

कुणीतरी तिला उखाणा घ्यायचा आग्रह केला, तर म्हणाली, "आता श्वास पुरत नाही गं." मग हळदकुंकू झालं, तिळगूळ झाला, गाळण्या वाटल्या. एरवी या बायकांना घालवता घालवता माझा जीव जायचा. त्या दिवशी एकीला नातवाचा क्लास होता, दुसरीला कॅब मिळत नव्हती म्हणून लवकर निघायचं होतं. बाहेर अजून नीट अंधारही पडला नव्हता. दुधाचे पेले तसेच भरलेले, वर साय धरलेली. ती जुनी मैत्रीण शेवटी निघाली. दारात पोचेपर्यंत तिला रडू फुटलं, मुलीनं तिला लिफ्टपर्यंत नेलं.

"आई, किती छान झालं ना!" मुलगी परत येऊन म्हणाली. "अत्तर तर सगळ्यांना काय आवडलं यार!"

"हो ना," तिची आई म्हणाली. "तू नीघ आता. ट्रॅफिक लागेल तुला."

मुलगी गेली. मी खिडकी लावली, साडी सोडवली, तिला पलंगावर निजवलं आणि ड्रेसिंग बदलायला बसलो. पॅड भिजून गेलं होतं. ते काढलं आणि बाजूला पिशवीत टाकलं. ती माझ्याकडे बघत होती. एरवी ड्रेसिंगच्या वेळी ती छताकडे बघायची.

"अहो," ती म्हणाली, "वास येतो ना माझा?"

खलातली पूड चिमटीत घेतली होती, ती तशीच राहिली. खोटं बोलायला मला एक क्षण मिळाला होता आणि शब्द तयार होता. पण तिच्या नजरेसमोर तो बाहेर पडेना.

"येतो," मी म्हणालो.

"खूप?"

"खूप."

तिनं मान हलवली. "मला केव्हापासून येतोय. मला वाटायचं, एवढ्या थरांखालून तो मलाच येतो. मला वाटायचं तुम्हाला पावडरीचाच येत असेल." तिनं पुन्हा छताकडे पाहिलं. "बायकांचं सोडा हो. त्या तासाभरासाठी आल्या होत्या. हे सगळं रोज फासत होते ते तुमच्यासाठी. म्हटलं, कळलं तर तुम्ही दुसऱ्या खोलीत झोपायला जाल. तुम्हाला तर साधी पावडरसुद्धा सोसत नाही."

मी चिमटीतली पूड जखमेवर टाकली आणि नवं पॅड ठेवलं.

"मग इतके दिवस माझ्याशेजारी कसे झोपलात?" तिनं विचारलं. "तोंडानं श्वास घेत होतात ना?"

"हो."

ती हसली. हसल्यानं जखम ताणली गेली, तिनं दात आवळले, आणि मग ती रडायला लागली. किती वर्षांचा संसार, पण ती अशी आवाज करून रडलेली मी ऐकली नव्हती. मी तिचा हात धरून बसलो. रडणं ओसरल्यावर तिनं उशाजवळच्या निळ्या टॉवेलनं तोंड पुसलं, मान आणि मनगटं खसखसून पुसली. टॉवेल पांढरा झाला.

"तोंड मिटा," ती म्हणाली. "आता नाकानं घ्या. हा वासही मीच आहे."

मी तोंड मिटलं आणि नाकानं श्वास घेतला, अगदी आतपर्यंत. कसाबसा बेसिनपर्यंत पोचलो आणि तिथे ओकलो. ती पलंगावरून ऐकत होती हे मला माहीत होतं. चूळ भरली, डोळ्यांवर पाणी मारलं, आणि परत आलो. ती माझ्यासाठी जागा करायला भिंतीकडे सरकली होती. मी तिच्या शेजारी आडवा झालो, तिच्याकडे तोंड करून.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं," मी म्हणालो, आणि पुन्हा नाकानं श्वास घेतला.